वेशीबाहेरचा फळा

फळा खांद्यावर घेऊन येणारा माणूस मी पाहिला. तो कुठून आला, हे विचारलं नाही. ही माझी चूक. इतकी वर्षं झाली तरी तिचा संताप येतो, आणि तो माझा मलाच येतो.

मालवणजवळच्या एका गावातल्या शाळेत आम्ही तिघे होतो. हेडमास्तर, मी आणि नुकतेच बदलून आलेले एक ख्रिस्ती गुरुजी. मधल्या सुट्टीत आम्ही दोघे चहा घ्यायचो, ते वह्या तपासत बसायचे. एवढ्यावरून मी ठरवून टाकलं की या गृहस्थाला गावाशी देणंघेणं नाही.

त्या वर्षी गावपळण आली. देवाचा कौल झाला की अख्खा गाव गुरंकोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर झावळ्यांच्या खोपीत राहतो. त्या दिवसांत आत पाऊल टाकायचं नाही. ख्रिस्ती घरंही कुलपं लावून निघत. गुरुजींची खोप माझ्या खोपीपासून हाकेवर होती. तेही मला पुरेसं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेचा फळा घेऊन गावाकडच्या वाटेने येताना दिसले. सातवीची परीक्षा तोंडावर होती. काजूखाली मुलं जमली होती. मी पालकांसमोर मोठ्याने म्हणालो, "गुरुजी, फळ्यासाठी वेस ओलांडलीत?"

ते थांबले. "तुम्ही पाहिलंत?"

"हो."

एक पालक उसळला, "मास्तरानु, देव तुमचो नाय, गाव तरी तुमचो म्हणा!" मुलं उठवून नेली. फळ्यावर तारीख लिहून गुरुजी एकटेच बसून राहिले.

गाव परत भरला, पण सातवीची मुलं त्यांच्या वर्गात येईनात. पालकांनी त्यांच्या बदलीचा अर्ज लिहिला. पाहणारा म्हणून त्यावर मी सही केली.

चारपाच दिवसांनी वेशीबाहेरच्या पहिल्या घरातली म्हातारी शाळेच्या दारात आली. हातात फळा पुसायचं फडकं.

"मास्तरांचा फडक्या माज्या पडयेत रवला. पळणीच्या आदल्या सांजेक फळो हाडून ठेवलेल्यानी मां, तेवा."

फडकं मी घेतलं. म्हणजे गुरुजींनी फळा पळणीच्या आदल्या संध्याकाळीच आणून हिच्या पडवीत ठेवला होता; वेस त्यांनी ओलांडलीच नव्हती.

त्यानंतर मी तीनदा गुरुजींकडे गेलो. एकदा वेळापत्रकावर बोललो. एकदा हवापाण्यावर. तिसऱ्यांदा चक्क खडू मागितला, आणि त्यांनी दिला! जीभ कुठे अडत होती कळत नव्हतं. शेवटी विचारलं ते भलतंच, "तेव्हाच सांगितलं का नाहीत?"

"पाहिलं म्हणालात. मग मी काय सांगणार?"

अर्ज तालुक्याला जायच्या दिवशी पालक शाळेच्या पडवीत जमले. हेडमास्तर अर्ज वाचू लागले. मी उठलो. शाळेतली ती नेटकी भाषा तोंडातून निघेना.

"मास्तरानु," मी कोपऱ्यात बसलेल्या गुरुजींकडे वळून म्हणालो, "फळो घेवन येतास तां मी बगलंय. खंयसून येतास तां बगूक नाय, इचारूक पण नाय. तो म्हातारेच्या पडयेत होतो. ह्या सगळ्यांका मी खोटा सांगलंय. माझी सही मी खोडतंय. चुकलंय मी. माका माफ करा."