तीनपैकी दोन

खोट्या आकड्यांची मला पहिल्यापासून शिसारी. धुळ्याच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो तेव्हा मुलं पाठीमागे मला काय म्हणायची ते मला ठाऊक होतं आणि त्याचा मला अभिमानच होता. ज्याने आधी उत्तर ठरवून मग निरीक्षणं लिहिली, त्याच्या जर्नलवर मी सही करत नसे. सही नाही तर टर्म नाही, टर्म नाही तर परीक्षा नाही. प्राचार्यांनी रदबदली केली तरी नाही, कुणाच्या वडलांनी येऊन हात जोडले तरी नाही.

आमच्या प्रयोगशाळेत लंबकासाठी एकच स्टॉपवॉच होतं आणि ते मागे पडायचं. त्यामुळे गुरुत्वाचा आकडा पुस्तकातल्या नऊशे ऐंशीऐवजी हजाराच्या वर यायचा. मी ते मुद्दामच दुरुस्तीला पाठवत नव्हतो. ज्याचं उत्तर नऊशे ऐंशी, तो चोर, इतकं सोपं. आज हे लिहिताना माझी मलाच किळस येते, पण तेव्हा या युक्तीवर मी खूश होतो.

माझा खरा जीव मात्र दुसऱ्याच कामात होता. धुळ्यातल्याच देवपूर भागात मी एका खोलीत राहायचो. रविवारी दुपारी पांझरा नदीकडून गरम वारा सुटला की खिडकीला ओलं गोणपाट लावायचं आणि कागद घेऊन बसायचं. त्या वर्षांत नवेनवे जड कण सापडत होते. प्रोटॉनपेक्षाही जड, जन्मायचे ते दुसऱ्या एखाद्या जड कणाच्या जोडीने, आणि जन्मले न जन्मले तोच मोडायचे. त्यांतला एक, ज्याला विद्युतभार नव्हता, तो मुख्यतः दोन तऱ्हांनी मोडायचा. एका तऱ्हेत दोन भारित तुकडे निघत आणि कणांच्या वाटा टिपणाऱ्या फोटोत त्यांच्या दोन रेघा फाकलेल्या दिसत. दुसऱ्या तऱ्हेत दोन्ही तुकडे भार नसलेले, म्हणजे फोटोत काहीच नाही. प्रश्न एवढाच, की असे तीन कण मोडले तर त्यांतले किती रेघा दाखवून मोडतील? कण तयार करणारी अवाढव्य यंत्रं परदेशात होती. माझ्याकडे पेन्सिल होती. पण मोजणी व्हायच्या आधी आकडा सांगायचा, या एका कामात धुळं काही कुणाच्या मागे नव्हतं. तेवढ्या आशेवर मी तीन उन्हाळे काढले.

गणिताच्या सुरुवातीलाच एक निवड होती. कण मोडताना त्याच्या एका आतल्या गुणात बदल होतो, तो अर्ध्याचा धरायचा की दीडाचा? मी दीडशहाणा, मी दीड धरला. कारणं होती, चांगली दीड पान भरून लिहिली होती. उत्तर आलं, तीनपैकी एक. मी लेख स्वच्छ अक्षरात उतरवला, खाली तारीख घातली आणि पाकीट आणायला म्हणून बाजारात गेलो. परत आलो तर दारात मुंबईचं पत्र पडलं होतं. तिथे संशोधन करणारा माझा वर्गमित्र होता. त्याने सहज लिहिलं होतं, "तुझं गणित कुठवर आलं? इकडे बातमी आहे, मोजणी होत आली. तीनपैकी दोन दिसतायत."

दीडाच्या जागी अर्धा घातला की उत्तर बरोबर उलटं होत होतं. तीनपैकी दोन. मला अर्धा तासही लागला नाही. दीडाच्या बाजूची दीड पान कारणं काढून टाकली आणि अर्ध्याच्या बाजूने एकच वाक्य घातलं, "असे मानणे स्वाभाविक आहे." खाली तारीख ठेवली ती आधीचीच, पत्र येण्यापूर्वीची. जुने कागद स्टोव्हवर धरून जाळले आणि त्याच स्टोव्हवर चहा केला. चहा नेहमीसारखाच लागला, याचं मला आजही नवल वाटतं.

लेख छापून आला. तोवर मोजणीही जाहीर झाली होती. मित्राचं अभिनंदनाचं पत्र आलं. तारखेबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. त्याला कळलं असणारच, पण शहाणी माणसं असलं काही विचारत नाहीत. प्राचार्यांनी मात्र कॉलेजच्या पटांगणात माझा सत्कार ठरवला.

त्या दिवशी सकाळी जर्नलं तपासायची होती. साक्रीकडचा एक विद्यार्थी होता, बावीस-तेवीस वर्षांचा, वर्गात सगळ्यांत थोराड. दर सोमवारी एस.टी.ने यायचा, भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन. नादारीवर, म्हणजे फी माफ होऊन, शिकत होता. टर्म गेली की नादारी जाणार आणि नादारी गेली की शिक्षण संपणार, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. त्याच्या जर्नलात उत्तर होतं नऊशे ऐंशी.

मी जर्नल मिटून त्याच्याकडे सरकवलं. तो घाबरला, आणि घाबरला की त्याच्या तोंडी घरची बोली यायची, 'माझा'च्या जागी 'मना', 'आहे'च्या जागी 'शे'. "सर, पहिलं पान मनाकडे शे," म्हणत त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. तीनदा प्रयोग केला होता, तिन्ही वेळा उत्तर हजाराच्या वर. "मले वाटनं, मनाच हात चुकस. पुस्तक कसं चुकी?"

ते पान खरं होतं. त्या घड्याळावर जे यायला हवं तेच त्याला आलं होतं. बाकीच्या पोरांनी गेल्या वर्षीच्या जर्नलांतून हजार-चार, हजार-सहा असले आकडे बिनधास्त उतरवले होते, हे मला पुढे कळलं. त्यांच्यावर माझ्या सह्या झाल्या होत्या. साक्रीच्या या माणसाला वरच्या वर्गात ओळखीचं कुणी नव्हतं, म्हणून तो बिचारा पुस्तकावर विसंबला.

सही करता आली असती. मी म्हणालो, "ज्याने एकदा आकडा फिरवला तो पुन्हा फिरवणार." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हे बोलताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही, याचा मला सगळ्यांत जास्त उबग येतो.

संध्याकाळी सत्कार झाला. अध्यक्ष म्हणून कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मालक होते. त्यांनी कणाचं नाव तीन तऱ्हांनी उच्चारलं आणि म्हणाले, "आपल्या प्राध्यापकांनी इथे खोलीत बसून सांगितलं आणि साहेबाच्या यंत्राला तसंच करावं लागलं!" टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल, गळ्यात झेंडूचा ओला हार, त्याचं पाणी सदऱ्यातून छातीवर उतरत होतं. त्या शालीचा, त्या भाषणाचा आणि मान खाली घालून विनयाने हसणाऱ्या स्वतःचा मला वीट आला होता. तरी मी हसत होतो.

कार्यक्रम संपल्यावर फोटोसाठी खुर्च्या मांडत होते. तेवढ्यात साक्रीचा तो विद्यार्थी जवळ आला. सकाळची भीती त्याच्या चेहऱ्यावर नव्हती. हळूच म्हणाला, "सर, एक इचारू? तुमले पहिल्यांदा काय उत्तर उनं व्हतं?"

इतक्या लोकांत हा प्रश्न फक्त त्याने विचारला. त्यात टोमणा नव्हता. एवढं मोठं गणित करणाऱ्यालाही कधी चुकलेलं पहिलं पान असतं का, एवढंच त्याला जाणून घ्यायचं होतं. तीनपैकी एक, असं मी म्हणालो असतो, नुसतं तेवढंच, तर त्याला धीर आला असता. मी म्हणालो, "हेच. पहिल्यांदाच हे आलं."

त्याने मान हलवली. माझ्यावर त्याचा पुरता विश्वास बसला होता. "मंग तुमनं बरोबर शे, सर. मना हात ह्या कामना नाही," आपला हात या कामाचाच नव्हे, असं म्हणून तो वाकून माझ्या पाया पडला आणि निघाला.

पुन्हा तो कॉलेजात आला नाही. दुसऱ्या वर्षी टर्म भरता आली असती, नादारीसाठी मी शब्द टाकू शकलो असतो, पण विचारायलाच आला नाही. त्या संध्याकाळी तो फाटकापर्यंत सावकाश चालत गेला. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. फोटोग्राफर खोळंबला होता, प्राचार्य बोलावत होते. मी जाऊन मधल्या खुर्चीवर बसलो.