उणे अठरा

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळा मोजून आतल्या भिंगाचा नंबर काढायचं काम ढापणीचं. त्या दिवशी मुलासोबत आलेली म्हातारी तिने लगेच ओळखली. वीस वर्षांपूर्वी हिनेच "सोडावॉटरच्या बाटल्या लावलेली सून नको," म्हणून तिचं याच मुलाशी ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. आज म्हातारीचा स्वतःचा चष्म्याचा नंबर निघाला उणे अठरा!

आत बसवायला यंत्राने शून्य नंबरचं भिंग सुचवलं. एवढा उणे नंबर म्हणजे बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंत लांबलेला डोळा; त्यात यंत्राचं सूत्र फसतं, भिंग कमी पडतं आणि माणूस ऑपरेशननंतरही चष्म्यात अडकतो, हे ढापणीला माहीत होतं. नुसतं गप्प बसलं की सूड पूर्ण.

पण मग म्हातारी गावभर म्हणाली असती, "ढापणीला कुठलं दिसतंय!" ती संधी ढापणी देणार नव्हती. तिने दुरुस्त करून अधिक दोन लिहिलं आणि मोठ्याने म्हातारीचा चष्म्याचा नंबर वाचला.

"उणे अठरा?" मुलगा चमकला. "आईला कधी चष्मा नव्हता."

"मोतीबिंदूने वाढलाय," म्हातारी पुटपुटली.

"मोतीबिंदूने डोळा लांब होत नाही, सासूबाई. हा तरुणपणापासूनचा आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून लपवलात. माझा तर नऊच होता."