बांधावरचा पळस

शिरूर कासारजवळच्या एका गावात त्रिंबक विकास सोसायटीचा सेक्रेटरी होता. दुष्काळाच्या त्या साली सोसायटीकडं कुणी फिरकत नव्हतं, म्हणून फागुनात तो जुना कॅमेरा गळ्यात अडकवून रानोमाळ हिंडायचा. निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं, हिरवं पान कुठं दिसेना. आणि ह्या असल्या वर्षात शेजारच्या बायनावहिनीच्या बांधावरचा पळस लालभडक पेटलेला! ऊन पाठीशी घ्यायचं, श्वास रोखायचा, एवढं त्रिंबकला आता जमत होतं. अख्खा रोल त्याने त्या एका झाडावर संपवला.

बीडहून फोटो धुऊन आले आणि त्याचं डोकंच फिरलं. फुलं सगळी काळी! तो जाऊन फोटोवाल्याशी कडाकडा भांडला. शेवटी फोटोवालाच वैतागला. "अहो, काळ्यापांढऱ्या फिल्मवर लाल रंग काळाच पडतो!"

मग डोळ्यांनी बघितलं ते काय होतं?

चैत सरता सरता बायनावहिनी ऊसतोड संपवून कारखान्यावरून परतली. तिने बोचकं खाली ठेवलं न ठेवलं तोच त्याने फोटो तिच्या हातात दिला.

"अगं बाई! आमचा पळस कवा जळाला, भाऊजी?"

"जळाला न्हाई वहिनी, फुललाय."

ती बघतच राहिली. "लगीन झाल्यापासून दर फागुनात मी उसाच्या फडात. आमचा पळस फुललेला एकदाबी बघितला न्हाई." तिने काळ्या फुलांवरून बोट फिरवलं. "लई लाल असतो का?"

त्रिंबकने फोटो परत घेतला आणि, का कोण जाणे, उलटा करून त्याच्या कोऱ्या बाजूवर लाल रंग शोधत राहिला.