डोकं धरून आलेली माणसं

नवी पेठेच्या मागच्या गल्लीत डोकेदुखीचा एक दवाखाना आहे. तिथं मी तेरा वर्षं रिसेप्शनला बसते. पेशंट मला सिस्टर म्हणतात, नर्सिंग काही मी केलेलं नाही. केसपेपर फायलीला लागतात. माणसं जाता जाता जे बोलतात ते कुठं लावायचं? ते माझ्याकडंच साठत गेलंय. सांगायला लागले की लोक हसतात. पहिली दोन-तीन वर्षं मीही हसले.

*

करमाळ्याकडून शेळ्या-मेंढ्या राखणारे एक आजोबा यायचे. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं कधी दुखलं, किती वेळ, झोप झाली होती का, हे महिनाभर लिहून आणा. महिन्यानं आजोबा रिकाम्या हातानं हजर!

"डायरी कुठाय?"

"लिवता कुटं येतंय? भिंतीवर कोळशानं रेघा वडल्यात. भिंत आणू व्हय हितं?"

मोबाइलवर फोटो मात्र होता. रेघाच रेघा. मधे तीन दिवस कोरे! डॉक्टर खूश. "या दिवसांत काय वेगळं केलंत?"

"तवा दोन शेरडं हरवलीती. डोक्याकडं बघायला येळ कुनाला हुता?"

*

एक मास्तर रोज मेडिकलमधून गोळ्या घ्यायचे. सकाळी एक, शाळा सुटल्यावर एक. डॉक्टर म्हणाले, "रोजच्या गोळीमुळंच आता तुमचं डोकं दुखतंय. ती बंद करू. सुरुवातीला त्रास वाढेल, मग उतरेल."

"वाढेल?" मास्तर उठून बाहेर आले. दारातून परत फिरले आणि मला म्हणाले, "ती गोळी सोडायला कुठली गोळी घ्यायची, तेवढं विचारायचं राहिलं!"

चौथ्या दिवशी मेडिकलच्या काउंटरवर दिसले. मला बघून गोळ्यांचं पाकीट पटकन खिशात घातलं.

"मिसेससाठी," म्हणाले. मिसेस जाऊन दोन वर्षं झाली होती.

*

शहराच्या पूर्व भागातल्या पद्माक्का. घरातच यंत्रमाग. अर्धं डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, उजेड सोसायचा नाही, आवाज तर नाहीच. डॉक्टर म्हणाले, "मायग्रेन आहे. दुखायला लागलं की लगेच ही गोळी घ्यायची आणि अंधाऱ्या, शांत खोलीत पडून राहायचं."

"अशी खोली कुठं हाय, सर?" पद्माक्कांनी विचारलं. "पत्ता द्या की. मी तिथंच राहते!"

सरांनी मान खाली घालून गोळी लिहिली.

*

मायग्रेन मलाही आहे. डोळ्यांसमोर चमचमती नागमोडी रेघ सुरू झाली की अर्ध्या तासात डोकं फुटणार, हे ठरलेलं. एका सोमवारी ती रेघ ऐन गर्दीत आली. केसपेपरवरची नावं अर्धीच दिसायला लागली. शेवटी डोकं टेबलावर टेकवलं.

बाकावरचे सगळे पेशंट उठून भोवती जमले. कुणी बाम चोळला, कुणी सुंठ लावा म्हणालं, एकीनं पर्समधून स्वतःची गोळी काढली. एक मावशी केसांवरून हात फिरवत म्हणाली, "बाई, असं अंगावर काढू नये. एकांद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा की!"

चांगले डॉक्टर भिंतीपलीकडं होते. माझं औषध त्यांनी आतापर्यंत तीनदा बदललंय.

*

मैंदर्गीची सुवर्णा. नऊ वर्षं दुखणं, आठवड्यातून दोनदा तरी. घरात एकच मत: कामाच्या वेळेला नाटक करते. एकदा दुखताना हाताला मुंग्या आल्या, म्हणून सरांनी एमआरआय करायला लावला. रिपोर्ट घेऊन नवरा-बायको आले.

सर म्हणाले, "चांगली बातमी आहे. रिपोर्ट नॉर्मल आहे. हे मायग्रेनच, आणि मायग्रेन फोटोत दिसत नसतो. दुखतं मात्र खरंच."

शेवटचं वाक्य नवऱ्यानं ऐकलं की नाही, माहीत नाही. तो बाहेर येता येताच फोनवर आईला सांगत होता, "अव्वा, एनू इल्ला! काय न्हाय तिला, समदं नॉर्मल!" बोलत बोलतच गाडी काढायला खाली गेला.

सुवर्णा माझ्या टेबलापाशी थांबली. रिपोर्टचा लिफाफा उघडून तिनं कागद माझ्यापुढं सरकवला.

"सिस्टर, तुमाला विंग्रजी लिवता येतंय न्हवं? हितं एक गाठ लिवा की."

बाकावरची माणसं हसली. मी वर बघितलं. ती हसत नव्हती.

"बारकी लिवा," ती म्हणाली. "बरी हुनारी."