साडभाऊ आणि स्वीडनची इंजिनं

स्वीडनच्या वाफेच्या इंजिनांविषयी अधिकारानं बोलू शकणारा आदिलाबाद जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि ते माझे साडू आहेत. खुद्द स्वीडनमध्येही असे फार असतील असं मला वाटत नाही. तहसील कचेरीत उभी हयात कारकुनी केलेले आमचे साडभाऊ नागपूरच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. पण त्यांची एकुलती एक लेक बासरच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन स्वीडनला नोकरीला लागली, तेव्हा दुसऱ्या कुठल्याही बापानं विचारलं असतं तसं तिथल्या थंडीचं, जेवणाचं त्यांनी काही विचारलं नाही. "तिथं पह्यले कोणतं इंजिन चालत होतं ते पाहून सांग," एवढंच म्हणाले. लहानपण रुळांच्या कडेच्या वस्तीत गेल्यामुळे, ज्या देशात वाफेचं इंजिन धावलं तो देश भला, असा त्यांचा साधा हिशेब आहे.

लेकीनं फोटो पाठवले, आणि त्यातल्या 'एफ' नावाच्या एका वर्गानं साडभाऊंना धरलं ते धरलंच. काळी, लांबलचक, त्या देशातल्या एक्स्प्रेस गाड्या ओढणारी दांडगी इंजिनं. मग तिकडे रुळांवर विजेच्या तारा आल्या आणि ऐन उमेदीतली ही इंजिनं शेजारच्या डेन्मार्कला विकली गेली. हा भाग साडभाऊ कचेरीच्या भाषेत सांगत. "तबादला झाला बिचाऱ्यायचा, परमुलखात! अन् तिथं गेल्यावर नावबी बदललं. एफचं ई केलं. आपल्याकडं पोरी सासरी गेल्यावर करतेत तसं." हे त्यांनी दूधवाल्याला तेलुगूत सांगितलं, कापडवाल्या मारवाड्याला हिंदीत सांगितलं, आणि एका बारशात बाळाच्या नावावरून दोघी आत्या हमरीतुमरीवर आल्या असताना भर मांडवात मराठीत सांगितलं. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "सवत आनली असती तं निदान भांडे तरी घासले असते तिनं."

मागल्या वर्षी लेकीनं कळवलं, की तिथल्याच एरिक नावाच्या मुलाशी तिला लग्न करायचंय. साडभाऊ रागावले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. फक्त इंजिनांचं बोलणं बंद झालं. घर इतकं शांत झालं की ताईनं घाबरून मला नेरडीगोंड्याहून बोलावून घेतलं.

"गोऱ्या-काळ्याचं काही नाही," साडभाऊ मला म्हणाले. "पोरगी आता तिकडचीच होऊन जाईन, हे एक. अन् मानूस कसा हाये हे मले कसं समजन? माही बोली त्याले येत नाही, त्याची मले येत नाही."

रविवारी त्यांनी एरिकला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. पडद्यावर एक भुऱ्या दाढीचा, इस्त्रीचा शर्ट घातलेला, घाबरलेला तरुण. शेजारी दुभाषी म्हणून लेक. साडभाऊंनी ना पगार विचारला, ना घरदार. "तुमच्या देशानं एफ इंजिनं डेन्मार्कले देली. तिथं त्यायचं कसं झालं?"

असं काही इंजिन होतं हेच एरिकला ठाऊक नव्हतं. त्यानं लेकीकडे पाहिलं, ओशाळला आणि म्हणाला, "मला माहीत नाही. शोधून सांगतो."

ताईनं कपाळावर हात मारून घेतला. "पोरीचं लगन हाये का रेल्वेची परीक्षा?"

पुढच्या रविवारी एरिक बोलला तो थेट एका संग्रहालयातून. मागे ते काळं धूड उभं. तो भराभर सांगत होता आणि लेक मराठीत आणत होती. डेन्मार्कमध्ये ती फार जपली गेली, बाबा. लोकांना इतकी आवडली की त्याच नमुन्यावर त्यांनी आणखी बांधली. पुष्कळ वर्षं धावली. आणि शेवटी त्यातलं हे एक परत घरी आणलं.

साडभाऊंनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. "त्याले सांग, दरखास्त मंजूर. पन आमच्या पोरीले आनाले इतका उशीर नको करू म्हना. वर्षातून एकडाव आनत जाय."

कॉल संपल्यावर मी म्हटलं, "साडभाऊ, हे सगळं तुम्हाला पाठ होतं की!"

"इंजिनाचं होतं," ते म्हणाले. "हा पोरगा पाहाले जाते का नाही, ते माहीत नव्हतं."

लग्न आदिलाबादच्या बुद्धविहारात झालं. एरिकला मांडी घालता येईना, पण तो पंगतीत पाय लांब करून पोटभर जेवला, आणि आठवड्याभरात दोघं गेली.

यंदाच्या हिवाळ्यात मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. ताट वाढून झालेलं आणि साडभाऊ आपले अंगणात खुर्ची टाकून बसलेले. "रोजचंच हाये," ताई आतून म्हणाली. मी जेवायला हाक मारली, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"थांबा ना जरासक. तिकडं आता कुठं उजाडून राह्यलं. पोरगी उठली असन. तिले च्या तं पिऊ द्या."

मग मीही दुसरी खुर्ची ओढली, आणि तिचा चहा होईपर्यंत आम्ही दोघं उन्हात बसून राहिलो.