भाव पडणार म्हणणारे काका

मुलुंडच्या औषध दुकानातल्या काकांनी माझ्या मुलाचा गुडघा वाचवला. मुलाला हिमोफिलिया आहे. आत रक्त सुटलं की थांबत नाही, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरचं इंजेक्शन द्यावंच लागतं. गोळ्यांची पट्टी कात्रीनं कापता कापता काका नेहमी म्हणतात, "घाबरतोस काय रे? नव्या कंपन्या उतरतायत, भाव पडणार. नव्या औषधाची महिन्याला एकच सुई, बघच तू!" सातवीत शाळा सुटलेली, मला बाजार काय कळणार?

एका दुपारी पोराचा गुडघा टम्म सुजला आणि फॅक्टर कुठेच मिळेना. काकांनी शटर ओढलं, स्कूटरवरून घाटकोपर गाठलं आणि बर्फाच्या डब्यातून इंजेक्शन आणलं.

"काका, भर धंद्यात दुकान बंद?"

"बाजार सुधरेपर्यंत पोरगं थांबेल काय? पळ दवाखान्यात!"

गाव लांब, इथे माझं कुणी नाही. काकांना कधी रक्त लागलं, तर पहिली बाटली माझी असेल.