सात वर्षांचं कुलूप

भावोजींच्या उजव्या हाताची बोटं सर्व्हरच्या रॅकच्या, म्हणजे कपाटाच्या, लोखंडी दारात घालून गुंडांनी दार लावलं, तेव्हा आपण ओरडलो की नाही हे भावोजींना आठवत नाही. सर्व्हरच्या खोलीत पंख्यांची घरघर इतकी असते की आतलं ओरडणं बाहेर जात नाही. शेजारच्या ऑफिसनं आवाजाची तक्रार केली म्हणून त्या खोलीला जाडजूड दार बसवून घेतलं होतं, तेही यांनीच.

मी त्यांची मेहुणी. गाडी शिकवणं हा माझा धंदा, त्यामुळे आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. भावोजी अगदी उलटे. कुणी यांच्या पायावर पाय दिला तर हेच माफी मागणार. पाठीमागे आम्ही त्यांना 'डबल' म्हणायचो. घराची जादा किल्ली एका शेजाऱ्याकडे नाही, दोघांकडे. चष्मे दोन, छत्र्या दोन, ताईच्या औषधांची चिठ्ठी एक कपाटात आणि एक पाकिटात. ताई म्हणायची, "बायको तेवढी एकच केली, तीसुद्धा घरात जागा नव्हती म्हणून." यावर ते नुसते हसायचे आणि विषय बदलायचे.

कामही तसलंच. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सर्व्हरवर दिवसभर जे जे जमा होतं, बिलं, हजेरी, यंत्रांच्या नोंदी, त्या सगळ्याच्या प्रती एक सॉफ्टवेअर आपोआप काढतं. एक प्रत यांच्या ऑफिसात, दुसरी लांबच्या शहरातल्या एका इमारतीत. सकाळी जाऊन पडद्यावरच्या हिरव्या-लाल खुणा बघायच्या, आणि लाल दिसली की तिच्या हात धुऊन मागे लागायचं. अधूनमधून एखादी प्रत मुद्दाम परत आणूनही बघायची, कारण जी परत आणता येत नाही तिला ते सरळ कचरा म्हणायचे. माझ्या कामात गिऱ्हाईक आठवड्याला एकदा तरी भिंतीला गाडी ठोकतं. यांच्या कामात काही घडतच नाही, असं मला वाटायचं आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवायचे.

या सॉफ्टवेअरमध्ये प्रतीला कुलूप लावायची सोय असते. मुदत संपेपर्यंत ती प्रत कुणालाही पुसता येत नाही, बदलता येत नाही. मालकाला नाही, पासवर्डवाल्याला नाही, ज्यानं कुलूप लावलं त्यालाही नाही. मुदत वाढवता येते, कमी करता येत नाही. रंगाच्या कारखान्याचं काम लावून देताना भावोजींना प्रत्येक प्रतीला सात दिवसांचं कुलूप घालायचं होतं. रकान्यात 'दिवस'च्या जागी 'वर्षं' निवडलं गेलं आणि यांनी पुढचं बटण दाबलं. लक्षात आलं तोवर हातातून गेलं होतं. डिस्क भरत चालल्या तसं ऑफिसच्या मालकानं त्यांना सगळ्या ऑफिससमोर झाडलं. "सगळं डबल ठेवतोस, तर एक डोकंही जादा आणायचं होतंस." घरी आल्यावर भावोजी ताट तसंच सारून उठले. ताईला वाटलं नोकरी गेली.

पुढे काही महिन्यांनी त्या कारखान्याचा बॉयलर फुटला.

मी तेव्हा त्याच रस्त्यावर एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होते. आधी गाडी हलली, मग आवाज आला. छताचा पत्रा उडून समोरच्या सायकलीच्या दुकानात घुसला. कारखान्याच्या फाटकातून एक माणूस चालत बाहेर आला. वाफेनं भाजलेल्या हाताची कातडी त्याच्या बोटांवरून मोज्यासारखी लोंबत होती. त्यानं मला शांतपणे विचारलं, "किती वाजले?" मी सांगितलं. दुसरं काय करायचं ते सुचलंच नाही. तो गाडीला टेकला, आणि घसरत खाली बसला तो पुन्हा उठला नाही. त्या बाईंनी त्यानंतर गाडी शिकायचं सोडून दिलं.

चार माणसं गेली. त्यातला एक खुद्द बॉयलरचा ऑपरेटर. कंट्रोल रूम आणि कारखान्याचे स्वतःचे सर्व्हर जळून कोळसा झाले. दुसऱ्याच दिवशी कारखान्यानं सांगितलं की ऑपरेटर पिऊन झोपला होता, धोक्याची बेल वाजत होती आणि याला शुद्ध नव्हती.

मेलेल्या माणसाला काय, उलट बोलता येत नाही. बाकीच्या तिघांचे नातेवाईक ऑपरेटरच्या घरावर गेले. दगडांनी काचा फोडल्या, दार मोडलं, त्याच्या बायकोला केसांना धरून रस्त्यावर ओढलं. एकीनं तिला चपलेनं मारलं, आणि मारता मारता ती स्वतःच रडत होती. ज्यांची माणसं गेली त्यांनाही मी दोष देत नाही. कुणाला तरी मारायचं होतं आणि कारखान्याचा मालक हाताशी नव्हता. ऑपरेटरची बायको एकच सांगत राहिली, "ते पीत नव्हते." कुणी ऐकून घेतलं नाही. शेजारीपाजारी तिला दारुड्याची बायको म्हणू लागले, वाणी तिला सगळ्यांच्या शेवटी सामान द्यायचा.

त्या दिवशी बॉयलरपाशी काय झालं, हे आता एकाच ठिकाणी होतं. भावोजींच्या कुलपात. चौकशी अधिकाऱ्यांनी त्या प्रतीची मागणी केली, आणि अधिकारी यायच्या आधी ही बातमी कारखान्यात पोचली.

दुपारी जेवणं उरकल्यावर चौघे आले. तिघे दांडगे, चौथा कडक इस्त्रीच्या शर्टातला, शिकलेला. त्यांनी पहिला ठोसा ऑफिसच्या मालकाला मारला. नाकातून रक्ताची धार लागली तसं मालकानं भावोजींकडे बोट दाखवलं. मी या माणसाला येता-जाता शिव्या देते, पण माझं नाक फुटलं असतं तर मी काय केलं असतं कोण जाणे.

भावोजींची गचांडी धरून त्यांना सर्व्हरच्या खोलीत नेलं आणि दार लावलं.

"कारखान्याचं सगळं पुसायचं. इथलं आणि त्या दुसऱ्या शहरातलंही," शर्टवाला म्हणाला.

"पुसता येत नाही. कुलूप आहे त्याला."

"मग काढ कुलूप."

"मलाही काढता येत नाही हो."

पाठीत लोखंडी पाइप बसला. भावोजींना खुर्चीत बसवलं. त्यांनी प्रती निवडल्या आणि पुसायचं बटण दाबलं. पडद्यावर आलं की मुदत संपेपर्यंत पुसता येणार नाही, आणि पुढे सात वर्षांनंतरची तारीख.

शर्टवाल्यानं वाकून वाचलं. "खरं सांगतोय हा."

"खरं सांगणाऱ्याचे हात असे थरथरत नाहीत," पाइपवाला म्हणाला. "दाब पुन्हा."

त्यांनी पुन्हा दाबलं. पाइप गुडघ्यावर आला. पुन्हा दाबलं, कानाखाली बसली, पडद्यावर पुन्हा तेच. रॅकचं दार उघडून त्यांचा हात चौकटीवर धरला. पाइपवाल्यानं दाराला लाथ घातली. दार परत उघडून दुसरी घातली. मग म्हणाला, "आता डाव्या हातानं दाब." भावोजींनी डाव्या हातानं दाबलं. तेही झालं नाही तेव्हा त्या चौघांनी मशीनच फोडायला घेतली. पाइपचे घाव घालून रॅक आडवा केला, डिस्क पायाखाली तुडवल्या, आणि जाताना पडलेल्या माणसाच्या बरगडीत एक लाथ घालून गेले. शर्टवाला दारात थांबून पँटवरचं रक्त रुमालानं पुसत होता, असं रिसेप्शनवरच्या मुलीनं नंतर सांगितलं.

तिनंच मला फोन केला, माझा क्लास दोन गल्ल्या सोडून आहे. मी पोचले तेव्हा भावोजी तारांच्या गुंत्यात पडले होते, उजवा हात काखेत दाबून. हात बाहेर काढला तर दोन बोटं नुसती कातडीनं लटकत होती. दवाखान्यात नेताना गाडीत एकच धोशा, "तिकडची प्रत शाबूत आहे. तिकडची शाबूत आहे."

"मरू दे ती प्रत," मी म्हटलं. "हात वर धरा."

दोन बोटं कापावी लागली. आणि भावोजी एकदम मोठे झाले. पेपरात फोटो आला. हातापायांचा चुरा झाला तरी पुरावा दिला नाही, असं छापून आलं. ज्यांना त्यांचं काम काय हेही माहीत नव्हतं ते भेटायला येऊ लागले. ताई प्रत्येकाला सगळी हकीकत पहिल्यापासून सांगायची, आणि तिचा चेहरा लग्नातही इतका फुललेला मी पाहिला नव्हता. भावोजी भिंतीकडे तोंड करून पडायचे. आम्हाला वाटलं, दुखत असेल.

एकदा ड्रेसिंगला नेताना सिग्नलला गाडी थांबली, आणि ते म्हणाले, "मी पुसत होतो गं."

"काय?"

"दाबत होतो बटण. मनापासून. झालं असतं तर पहिल्या फटक्याला पुसून मोकळा झालो असतो. हिला सांगू नकोस."

मला रागच आला. "मग सांगायला कुणी सांगितलंय? गप बसा की." मागच्यानं हॉर्न वाजवला आणि मी त्याच्यावर खेकसले.

बरगड्या भरून आल्यावर अधिकाऱ्यांसमोर बसून भावोजींनी डाव्या हातानं लांबच्या शहरातली प्रत परत आणली. त्यात सगळं होतं. दाबाचे आकडे होते, बेल होती, आणि कारखान्याचं ऑफिस व कंट्रोल रूम यांच्यातले संदेशही. ऑपरेटरनं लिहिलं होतं, "साहेब, दाब वाढतोय. बंद करतो." मॅनेजरचं उत्तर, "माल निघू दे. बेल बंद कर." त्यापुढे ऑपरेटरच्या नंबरावर नोंद, बेल बंद केली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. "साहेब, आता नको." "नोकरी नको असेल तर सांग." बेल बंद केली. शेवटचा संदेश ऑपरेटरचा होता, त्याला उत्तर नव्हतं. माणूस झोपला नव्हता. पिऊन तर मुळीच नव्हता.

कोर्टात कारखान्याचा वकील उठला. म्हणाला, ही प्रत याच माणसाच्या ताब्यात होती, पासवर्ड याच्याकडे, आणि कारखान्यावर याचा राग आहे. हे संदेश यानंच मागाहून घुसवले नाहीत कशावरून? हे ऐकून ऑपरेटरच्या बायकोनं समोरचा बाक घट्ट धरला. ही नोंद खोटी ठरली असती तर ती जन्मभर दारुड्याची बायकोच राहणार होती.

"त्यात काहीच बदलता येत नाही," भावोजी म्हणाले. "कुलूप होतं."

"असं तुम्ही म्हणता. कधी करून पाहिलंत?"

ताई माझ्या शेजारी बसली होती, माझा हात धरून. भावोजींनी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा माणूस खोटं बोलणार, आणि मनातून मला तेच हवं होतं.

"हो, पाहिलं," ते म्हणाले. "पुसून पाहिलं. ते मारत होते तेव्हा मी प्रत्येक वेळी बटण दाबलं. जमेल ते सगळं केलं. नाही पुसलं गेलं. माझे ते प्रयत्नही सॉफ्टवेअरनं माझ्या नावावर नोंदवलेत, तुम्ही बघू शकता."

"म्हणजे पुरावा तुम्हीच नष्ट करत होता?"

"हो. आणि ते कुलूपही माझ्या हुशारीचं नाही. सात दिवसांचं लावायचं होतं, चुकून सात वर्षांचं लागलं."

मागे कुणीतरी हसलं. ताईनं माझा हात सोडला.

ज्यानं सांभाळली त्यालाच स्वतःचा जीव वाचवायलाही पुसता आली नाही, ती नोंद न्यायाधीशांनी खरी मानली. मॅनेजरला तिथूनच ताब्यात घेतलं. पेपरवाले त्याच्यामागे धावले. भावोजींचा फोटो काढायला कुणी थांबलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर ऑपरेटरची बायको आमची वाट अडवून उभी राहिली. त्या दिवशी एक दगड तिलाही लागला होता, त्याचा व्रण कपाळावर अजून दिसत होता.

"खरंच दाबलंत?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्या माणसाचं नाव अडकलं होतं त्यात. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

तिनं खाडकन त्यांच्या मुस्काटात मारली. मग दुसरी. मग दोन्ही मुठींनी छातीवर मारत सुटली. मी मध्ये पडणार तर भावोजींनी डाव्या हातानं मला मागे सारलं. ते हलले नाहीत, तोंडही चुकवलं नाही. ताई दोन पायऱ्या वर उभी राहून नुसती बघत होती. शेवटी त्या बाईचेच हात थकले. तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर धरून ठेवली होती, आता ती सोडली.

"त्यांनीही बेलचं बटण दाबलंच की," ती म्हणाली. "साहेब नको नको म्हणत दाबलं. त्यांच्या मशीननं ऐकलं."

एवढं बोलून ती तिथेच पायरीवर बसली आणि मोठ्यानं रडायला लागली. नवरा गेल्यापासून ती रडली नव्हती, असं तिची बहीण मागाहून म्हणाली. भावोजी तिच्या शेजारी बसले, ओठातून रक्त येत होतं ते तसंच. थोड्या वेळानं ताई खाली उतरली आणि त्या दोघांच्या मध्ये बसली.